आईने सोडलेला गूळ

माझ्या आईने सव्वीस वर्षं गूळ खाल्ला नाही. तिला साखरेचा आजार नाही, डॉक्टरांनी काही वर्ज्य केलेलं नाही, आणि गोडाची आवड म्हणाल तर लहान मुलासारखी. पण तिने गूळ सोडला होता, आणि तो माझ्यामुळे सोडला होता. कुंभकोणमात राहून गूळ सोडणं म्हणजे काय, हे बाहेरच्याला कळायचं नाही. इथे कोपऱ्याकोपऱ्यावर देऊळ आणि देवळागणिक कसला ना कसला उत्सव. द्रोणातून गरमागरम सक्करै पोंगल हातात पडतो, म्हणजे गुळाचा, तुपाने थबथबलेला भात. आई तो द्रोण घ्यायची, डोळ्यांना लावायची आणि शेजारी जी कोणी बाई उभी असेल तिला देऊन टाकायची. संक्रांतीला घरीही तीच तो शिजवायची. गोड जमलंय का ते बघायला मला हाक मारायची. मी बघत बघत अर्धं पातेलं संपवायचे, ही गोष्ट वेगळी.

मी सातव्या महिन्यात जन्मले. ओल्या टॉवेलाएवढं वजन, असं आई सांगते. मला दूध ओढता येत नव्हतं आणि धड रडताही येत नव्हतं. सोयर फिटलं त्या दिवशी आईने मला शेजारणीच्या मांडीवर ठेवलं, टाउन बस पकडली आणि गावाबाहेरच्या पेरुमाळाच्या देवळात गेली. त्या देवळात एक मोठा तराजू टांगलेला आहे. ज्याच्यासाठी नवस बोलला असेल त्याला एका पारड्यात बसवायचं आणि दुसऱ्या पारड्यात नवसाची वस्तू घालत जायची. केळी, तांदूळ, गूळ, जे बोललं असेल ते, दोन्ही पारडी बरोबरीला येईपर्यंत. आई त्या तराजूसमोर उभी राहिली आणि हात जोडून म्हणाली, "हिच्या अंगावर मांस चढीव. हिच्या भारंभार गूळ घालीन."

पेरुमाळाने ऐकलं. चांगलं मनावर घेऊन ऐकलं.

खरं तर नवस पहिल्याच वर्षी फेडायचा. पण त्या वर्षी घरात सुतक आलं. दुसऱ्या वर्षी बाबा म्हणाले, पोर आत्ता कुठे भरायला लागली आहे, थोडी आणखी भरू दे, देवाच्या वाट्याला जास्त गूळ जाईल. आईला ते पटलं. आमच्या घरात देवाला कमी घालायला कोणालाच आवडत नाही. मग दर वर्षी तेच. मी भरत होते आणि देवाचा गूळ वाढत होता, आणि सगळे खुशीत होते. ताटात आणखी एक डोसा पडला तरी कोणीतरी हसून म्हणायचं, खाऊ दे, पेरुमाळाचंच आहे. आता आठवलं की मला हसूही येतं आणि संतापही.

बाराव्या वर्षी आत्याने फर्मान काढलं. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. ती दारासुरमला राहते आणि आमच्या घराण्यात तिचा शब्द शेवटचा. मुलगी मोठी व्हायच्या आत नवस फिटलाच पाहिजे, असं ती म्हणाली. बाबांनी अंदाजाने पंचेचाळीस किलो गूळ घेतला. शनिवार होता, देवळात ही गर्दी. मी नवा परकर-पोलकं घालून पारड्यात मांडी घालून बसले आणि समोरच्या पारड्यात गूळ पडायला लागला. सगळा पडला. माझं पारडं जमिनीवरून हललंसुद्धा नाही. बाबा धावत देवळाच्या दारातल्या दुकानांकडे गेले, मिळाला तेवढा गूळ घेऊन आले. तरी नाही. मागे रांगेत तान्ही बाळं घेऊन लोक खोळंबले होते. त्यातली एक बाई तमिळमध्ये म्हणाली, "अजून एक गाडी मागवा!" आणि सगळे हसले. वाईट मनाने हसले असं नाही, गमतीने हसले. पण मी पारड्यातून उतरले आणि चपला न घालता बस स्टॉपपर्यंत पळत गेले.

पारडी बरोबरीला येण्याआधी उतरायचं नसतं. नवस अर्धा राहिला. दुसऱ्या दिवशी उपम्याबरोबर तिने गूळ घेतला नाही, तेव्हा मला कळलं. आमच्या, पिढ्यान्‌पिढ्या इथे राहिलेल्या मराठी लोकांत तशी रीतच आहे: फेडायला बसलेला नवस अर्धा राहिला, तर तो पुरा फिटेपर्यंत नवसाची वस्तू तोंडात घालायची नाही. मी कितीदा तरी तिला म्हटलं की सोड हे, देव काय तुझ्या तोंडाकडे बघत बसलाय? ती म्हणायची, "तुला जमेल तेव्हां जाऊं. मला कांहीं घाई नाहीं." पण मी त्या देवळाच्या वाटेलाही गेले नाही. एकदा हसलेल्या लोकांसमोर पुन्हा जाऊन बसण्यापेक्षा मी काहीही केलं असतं, आणि जसजशी वर्षं गेली तसतसं ते आणखीच अशक्य झालं.

मी कॉलेजजवळ झेरॉक्सचं दुकान चालवते. बाबा गेल्यापासून घरात आई आणि मी. माझं लग्न झालं नाही, आणि त्याचं सगळं खापर वजनावर फोडायची मला सवय नाही. माझ्या जिभेचाही त्यात हात आहे. पण वजनाने माझं काय काय नेलं ते मला माहीत आहे. दुकानातली तीन स्टुलं मोडली. ऑटोवाले मला बघून वेग वाढवायचे. छत्तीस वर्षांची झाले तेव्हा काटा एकशे अठरावर होता, रक्तात साखर होती, आणि दुकानाच्या दोन पायऱ्या चढून आले की पहिल्या गिऱ्हाइकाशी बोलायला मला दम खावा लागायचा.

प्रयत्न केले नाहीत असं कोणी म्हणू नये. आत्याने सांगितलेली प्रत्येक एकादशी मी निर्जळी केली. कुळथाची कांजी सहा महिने प्याले. मोठ्या तळ्याभोवती पहाटे फेऱ्या मारल्या; माझ्या गुडघ्यांचा आवाज मलाच ऐकू यायचा. एका वर्षी बारा किलो उतरवले आणि पुढच्या वर्षी पंधरा चढले. दर वेळी आत्या एकच म्हणायची, "तोंड आवर गे. त्याला काय शास्त्र लागतें?" आत्याचं वजन जन्मात कधी पन्नासच्या वर गेलं नाही. ते तिने कमावलेलं नाही, तिला ते मिळालेलं आहे, पण हे तिला कोण सांगणार.

आईचं वेगळंच होतं. ती मला कधीच काही बोलायची नाही. एकदा मात्र माझ्या पायांना तेल लावता लावता म्हणाली, "मीच मागितलें. मांस चढीव म्हणून सांगितलें. पुरे केव्हां, तें सांगायचें राहिलें." मी हसण्यावारी नेलं. मग तिच्याकडे बघितलं तर तिचे डोळे भरले होते. इतकी वर्षं ही बाई मनात हे घेऊन वावरत होती. मी लठ्ठ झाले ते तिच्या तोंडून गेलेल्या शब्दामुळे, आणि नवस राहिला म्हणून देव घालतच चाललाय, असं तिला वाटत होतं. त्या दिवशी मला माझ्या वजनाची नाही, तिच्यासाठी भीती वाटली. ही अशीच, मनात हे ठेवून जाईल, असं वाटलं.

शेवटी मी ज्यांच्याकडे गेले त्या त्रिचीच्या डॉक्टरीणबाईंनी कागदाच्या पाठीवर पोटाचं चित्र काढून दाखवलं. पोटाची पिशवी लिंबाएवढी लहान करायची आणि आतडं पुढे जोडून द्यायचं. "तुमचं शरीर प्रत्येक वेळी उतरलेलं वजन परत खेचून आणतं," त्या म्हणाल्या. "यानंतर त्याची ओढ कमी होईल. पण चालायचं तुम्हालाच आहे, आणि जन्मभर." इतक्या वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी मला तोंड आवर म्हणालं नव्हतं. मी तिथेच, त्यांच्या टेबलासमोर, रुमाल शोधत रडले.

बातमी दारासुरमला पोचायला किती वेळ लागणार? आत्या दुसऱ्याच दिवशी हजर. खुर्चीत बसण्याआधीच म्हणाली, "कुरुक्कु वळी!" तमिळमध्ये जवळच्या आडवाटेला म्हणतात तसं. आम्ही घरात आमची जुनी मराठी बोलतो, पण आत्याला जेव्हा शब्द लागावासा वाटतो तेव्हा ती तो तमिळमध्ये बोलते. "लोक उपास करतात, चालतात, झिजतात. आणि ही जाऊन निजणार, डॉक्टर चरबी कापून टाकणार, ही उठून येणार. सोपें आहे की!"

सोपं. तर ते सोपं कसं होतं ते सांगते.

ऑपरेशनच्या आधी दोन आठवडे नुसतं पातळ. ऑपरेशननंतर पोटावर पाच भोकं, कुशीतून नळी, आणि त्याच संध्याकाळी नर्स म्हणाली, उठा, चाला. खोकल्याच्या औषधाच्या बाटलीचं झाकण असतं ना, तेवढं पाणी पंधरा मिनिटांत संपवायचं. घाई केली की छातीत कळ. पाच आठवड्यांनी पहिली इडली. इडली कसली, इडलीचा एक चतकोर, आणि तो चावून चावून संपवायला वीस मिनिटं. एक घास जास्त झाला त्या दिवशी मी दुकानात झेरॉक्स मशीनच्या मागे बादलीत ओकत होते आणि पलीकडे मुलं हॉल तिकिटाच्या प्रती मागत होती. मी तोंड पुसून प्रती काढून दिल्या. चौथ्या महिन्यात केस गळायला लागले. आई न्हाणीतल्या जाळीवरून ते गोळा करायची आणि मला दिसू नयेत म्हणून कागदात गुंडाळून टाकायची. कॉफी बंद. या गावात, जिथे पितळी डवरा-वाटीतल्या कॉफीशिवाय माणूस माणसाशी बोलत नाही, तिथे मी गरम पाण्याचा घोट घेत बसायचे. गोळ्या तर मरेपर्यंत आहेतच.

आणि गोड. एका उत्सवात मी न राहवून चमचाभर सक्करै पोंगल तोंडात टाकला. दहा मिनिटांत घाम फुटला, काळीज धडधडायला लागलं, हातपाय गार. देवळाच्या ओसरीवर आडवी झाले. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं की असं होतं, कोणाचं कमी, कोणाचं जास्त. माझं जास्त. म्हणजे आई गूळ खात नाही आणि आता मीही खाऊ शकत नाही. घरात गुळाचा डबा नुसता मुंग्यांसाठी.

भूक मेली होती म्हणाल तर पोटाची मेली होती, डोक्यातली नाही. डोक्यातली भूक कोणी कापून काढत नाही. संध्याकाळी कोपऱ्यावर वडे तळायला सुरुवात झाली की माझे पाय आपोआप वळायचे आणि मी ते ओढून तळ्याकडे न्यायचे. फेऱ्या सुरूच होत्या. आधी एक, मग दोन, मग पाच. फरक एवढाच, की आता मी ढकललं की वजन हलत होतं. छत्तीस वर्षं बंद दाराला धडका मारल्यावर कोणीतरी कडी काढली होती. पण चालत मीच होते ना?

दीड वर्षात काटा एकाहत्तरवर आला. साखरेच्या गोळ्या बंद झाल्या. ऑटोवाले थांबायला लागले. मी दिवसभर उभी राहून दुकान चालवायला लागले आणि चौथं स्टूल अजून शाबूत आहे. एका सकाळी मी आईला म्हटलं, "चल. नवस फेडूं."

आईने हातातलं निवडणं खाली ठेवलं. सव्वीस वर्षं ती या वाक्याची वाट बघत होती. तिचा चेहरा असा काही उजळला की मला लाज वाटली, इतक्या उशिरा म्हटल्याची.

पण त्याच आठवड्यात दारासुरमला आत्याच्या नातवाची मुंज होती. पंगत बसली. केळीच्या पानावर मी चार घास खाल्ले आणि थांबले. पानावर टाकायचं नाही ही आमची शिकवण, म्हणून मी वाढणाऱ्यांना हात आडवा करत होते. आत्या पंगतीतून फिरत होती. माझ्यासमोर थांबली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात आईला म्हणाली, "नवस फेडायला निघालात म्हणे. हुशार आहे हो तुमची लेक. आधीं डॉक्टरकडून मांस उतरवून घेतलें आणि आतां पारड्यांत बसणार. देवाने दिलें एकशें अठरा, देवाला द्यायचें एकाहत्तर!"

लोक हसले. तेच हसू, सव्वीस वर्षांपूर्वीचं. मी तोंड उघडलं, पण त्याआधी आईचा हात बघितला. तो पानावर तसाच थांबला होता, भात मुठीत. घरी आल्यावर ती म्हणाली, "नको जाऊं गे. खरेंच आहे तिचें. मागून घेतलें आणि कापून टाकलें. तो काय म्हणेल?"

माझा संताप मी इथे लिहीत नाही, कागद जळेल. लोक मला आडवाटेची म्हणाले, मी सोसलं. पण माझ्या आईचा नवस खोटा ठरवायचा? मी तिला समजावलं की डॉक्टरांनी मांस कापून नेलेलं नाही, पोट फक्त लहान केलं. जे सत्तेचाळीस किलो गेले ते मी एकेक करून तळ्याभोवती सोडून आले. ती मान हलवत होती, पण ऐकत नव्हती. तिच्या कानात आत्या बसली होती. मी अंथरुणावर पडून विचार केला आणि मग माझं मलाच लख्ख दिसलं. एकशे अठरा किलोची ती बाई कोणी परकी नव्हती. दम खात पायऱ्या चढणारी, स्टुलं मोडणारी, ती मीच. त्रिचीच्या बसमध्ये दीड सीटवर बसून, सगळ्यांच्या नजरा झेलत, ऑपरेशनला तीच तर गेली होती. मग तिला मी देवापासून का लपवू?

गुळाच्या व्यापाऱ्याला मी सांगितलं: दहा-दहा किलोच्या अकरा पिशव्या आणि आठ किलो सुटा. त्याने विचारलं, कोणाचं लग्न? मी म्हटलं, माझा नवस. शनिवारी मी ऑपरेशन ठरलं त्या दिवशीचा, माझं वजन लिहिलेला इस्पितळाचा कागद पर्समध्ये घातला, मालवाहू ऑटोत गूळ घातला, दुसऱ्या ऑटोत आईला घातलं. तिला वाटत होतं आपण नुसतं दर्शनाला चाललोय. पिशव्या उतरताना बघितल्या तेव्हा ती खांबाला धरून उभी राहिली.

आणि खांबापलीकडे आत्या. तिला कोणी सांगितलं कोण जाणे. रेशमी लुगडं नेसून, हात बांधून, परीक्षेला बसलेल्या मुलीकडे बघावं तशी माझ्याकडे बघत होती.

तोच तराजू. तीच साखळी, लोकांच्या हातांनी गुळगुळीत झालेली. मी नमस्कार केला आणि पारड्यात मांडी घालून बसले. तराजूवाल्याने पिशव्या घालायला सुरुवात केली. एक, दोन, तीन. सातवी पडली आणि माझ्या पारड्याने जमीन सोडली. मी खोटं सांगत नाही, त्या क्षणी माझ्या अंगावर काटा आला. त्याने सुट्यातला किलोभर गूळ ठेवला आणि दांडी सरळ झाली. "गोविंदा!" लोक ओरडले. तराजूवाला तमिळमध्ये म्हणाला, "पोदुम," पुरे, आणि मला उतरवायला हात पुढे केला.

"अजून घाला," मी म्हटलं.

"बरोबर झालंय, अम्मा."

"मला माहीत आहे. उरलेला सगळा घाला."

तो माझ्याकडे, मग पिशव्यांकडे बघायला लागला. बरोबरीला आलं की संपलं, अशी रीत आहे, म्हणाला. मी पर्समधून कागद काढला आणि पारड्यात बसूनच त्याला समजावलं: नवस होता अंगावर मांस चढव म्हणून. देवाने चढवलं एकशे अठरा. सगळं त्याने दिलेलं, सगळं माझं. मला त्यातलं काही कमी सांगायचं नाही. तोवर गाभाऱ्यातले म्हातारे पुजारी, भट्टर, बाहेर आले होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "कमी पडलं म्हणून भांडणारे मी पुष्कळ पाहिले. जास्त घ्या म्हणून भांडणारी ही पहिली. घाल रे बाबा."

आठवी पिशवी पडली आणि माझं पारडं सपकन वर गेलं. मी दोन्ही हातांनी साखळ्या पकडल्या. समोरचं पारडं गुळाने जमिनीला टेकलं होतं आणि मी वर, लोकांच्या खांद्यांच्या उंचीला, झुलत होते. अडतीस वर्षांत पहिल्यांदा कुठल्यातरी तराजूत माझ्यापेक्षा जड काहीतरी होतं. मला हसू आलं. मोठ्याने, आवरता न येणारं.

"आत्या," मी वरूनच हाक मारली, "ती पुढची पिशवी तुम्ही द्या ना."

सगळे आत्याकडे वळले. आता माघार कशी घेणार? ती पुढे झाली, पदर खोचला, पिशवीचे कान धरले. गुडघ्यापर्यंत उचलली आणि परत ठेवली. पुन्हा उचलली, कमरेपर्यंत आणली, आणि तोंडाने श्वास घेत तशीच उभी राहिली.

"जड आहे ना?" मी म्हटलं. आवाजात तिखट होतंच, पण जेवढं घालायचं ठरवलं होतं तेवढं नव्हतं. "दहा किलो आहे. अशा जवळजवळ पांच मी उतरवल्यात. उतरवीपर्यंत चोवीस तास अंगावर घेऊन फिरत होतें, निजतानासुद्धां. कोणत्या वाटेने गेलें तें सोडा. वाट सोपी होती काय, तेवढें सांगा."

पिशवी आत्याने खाली ठेवली नाही. तराजूवाला घ्यायला पुढे झाला तर तिने मानेनेच नको म्हटलं, दोन पावलं टाकली आणि ती पिशवी स्वतःच्या हाताने पारड्यात ठेवली. मग कमरेवर हात ठेवून माझ्याकडे वर बघितलं. ती सत्तरीची बाई त्या क्षणी मला पहिल्यांदाच म्हातारी दिसली. "दुसरी आण रे," ती तराजूवाल्याला म्हणाली, "बघत काय राहिलास?"

अकरा पिशव्या आणि वरचा आठ किलो, सगळा गूळ पडला. तो देवाच्या स्वयंपाकघरात जाणार, उद्याच्या पोंगलात. मला खाली घ्यायला तिघांना पारडं धरावं लागलं. पाय जमिनीला लागले तशी मी सरळ आईकडे गेले. ती अजून खांबाला धरूनच होती. इतकं रडली होती की पदर भिजला होता, पण चेहरा असा होता, की तसा मी तो कधीच पाहिला नव्हता. जुन्या फोटोतसुद्धा नाही.

"झालें?" तिने विचारलं.

"झालें. पुरे झालें म्हणून तूंच सांग त्याला. तेवढें राहिलें होतें ना तुझें?"

तिने गाभाऱ्याकडे तोंड केलं, हात जोडले आणि अगदी स्पष्ट, बाजारात दुकानदाराला सांगावं तशा आवाजात म्हणाली, "पुरे."

भट्टरांनी पारड्यातल्या गुळाचे दोन खडे प्रसाद म्हणून आणून दिले. एक तिच्या हातावर, एक माझ्या. तिने आपला डोळ्यांना लावला. सवयीने शेजारी बघितलं, कोणाला द्यावा म्हणून. शेजारी आत्या उभी होती. आत्याने तिचा हात धरला आणि तिच्याच तोंडाकडे वळवला. आईने गूळ जिभेवर ठेवला आणि डोळे मिटले. चावला नाही, नुसता विरघळू दिला. आम्ही दोघी तिच्यासमोर उभ्या राहून बघत होतो. मागे रांग खोळंबली होती आणि कोणीही घाई करत नव्हतं.

मग तिने डोळे उघडले आणि माझ्या तळहातावरच्या खड्याकडे बघितलं. "तुला चालायचा नाहीं," ती म्हणाली.

"नाहीं चालायचा."

तिने तो माझ्या हातावरून उचलला आणि माझ्या वाटचाही खाल्ला.